रत्नागिरी पायी हिंडायची आहे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरी शहरातच, मध्ये चालत पंधरा मिनिटांची वाट. त्या वाटेवर येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना हे दाखव, ते दाखव असं करता करता तोच माझा उद्योग होऊन बसला. एका वेळी एकच कुटुंब किंवा एकच मित्रमंडळ घेते, चालत नेते आणि माहीत आहे ते सांगते. फोनवर बहुतेक तेच प्रश्न येतात, तेही नेमके मी पायऱ्यांची पाखाडी चढत असताना. म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली. फोन करण्याआधी एकदा वाचा, माझा दम वाचेल.

खाजगी फेरी म्हणजे नक्की काय? बसच्या सहलीत गाईड असतोच की.

तुमच्याबरोबर अनोळखी कोणी नसतं, मूळ फरक एवढाच. पण त्यामुळे बरंच बदलतं. पन्नास जणांच्या सहलीत गाईडला घड्याळाकडे बघून बोलावं लागतं, कारण बस सुटायची असते. इथे घड्याळ तुमच्या हातात. कोल्हापूरहून आलेले एक निवृत्त इंजिनीअर टिळक आळीत एका गडग्यापाशी, म्हणजे जांभ्याच्या दगडी कुंपणापाशी, थांबले ते अर्धा तास हललेच नाहीत. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. मग ऊन-वारा खाऊन घट्ट होत जातो. हे त्यांना वाचून ठाऊक होतं, पण दगडावर हात फिरवून ते पहिल्यांदाच बघत होते. त्या दिवशी आमचं एक देऊळ बघायचं राहिलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही.

आम्ही गणपतीपुळ्याला चाललोय. वाटेत रत्नागिरीत थांबण्यासारखं आहे तरी काय?

गणपतीपुळ्याला जरूर जा. आरे-वाऱ्याच्या रस्त्याने जेमतेम पंचवीस किलोमीटर आहे आणि तो रस्ताच अर्धी सहल आहे. पण रत्नागिरी म्हणजे पुळ्याच्या वाटेवर पेट्रोल भरायची जागा, असं कोणी म्हटलं की मला जरा लागतं. आता विचारलंच आहे तर सविस्तर सांगते.

मी हे शहर एका धाग्याने दाखवते: इथे कोणाला आणून ठेवलं आणि इथून कोण निघून गेलं. इंग्रजांना रत्नागिरी सोयीची वाटली ती अडचणीची जागा म्हणूनच. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वेचा पत्ता नाही, आणि पावसाळ्यात बंदर बंद झालं की मुंबईची आगबोटही नाही. कोणाला जगाच्या नजरेआड करायचं तर याहून बरी जागा शोधून सापडली नसती.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये इथे आणलं. बरोबर राणी सुपयालत आणि लहान मुली. लोक राजवाड्यापुढे उभं राहून म्हणतात, कैदी असूनही काय थाट! मग मी साल सांगते. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं राजाने दुसऱ्याच बंगल्यांत काढली होती, आणि या वाड्यात त्याला मिळाली जेमतेम सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या आधी दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी रंगूनला धाडलं होतं, तो १८६२ मध्ये तिकडेच वारला. इकडचा राजा तिकडे, तिकडचा इकडे. ही अदलाबदल सांगितली की गडबड करणारी पोरंसुद्धा क्षणभर गप्प होतात.

राजवाड्याच्या कमानी आणि रंगीत काचा तुम्ही स्वतःच बघाल, त्याला मी कशाला हवी? मला सांगायचं असतं ते नंतरचं. राणी १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरल्या राजकन्येने मात्र इथल्याच एका नोकरमाणसाशी संसार मांडला. तिची मुलगी रत्नागिरीत वाढली, मराठी बोलली, हलाखीत जगली आणि इथेच गेली. राजाची नात रस्त्यावरून चालत जाताना पाहिलेली माणसं गावात अजून आहेत. राजाची समाधी राजवाड्यापासून दूर, शिवाजीनगरच्या वस्तीत आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे नतमस्तक व्हायला आले, तेव्हा अनेक रत्नागिरीकरांना समाधी कुठे आहे ते कळलं. फेरीत वेळ उरला तर तिथे नेते. बघायला फारसं काही नाही, पण तरी जावं असं मला वाटतं.

दुसरा आणून ठेवलेला माणूस म्हणजे सावरकर. अंदमानातून आणल्यावर काही काळ ते इथल्या तुरुंगात होते, आणि १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं स्थानबद्ध. जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही, या अटी. मग त्यांनी समाजकारण केलं: सहभोजनं, १९२९ मधला विठ्ठल मंदिरातल्या प्रवेशाचा खटाटोप, आणि १९३१ मध्ये सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर. हे मंदिर बांधून दिलं भागोजीशेठ कीर यांनी. गरिबीतून वर येऊन मुंबईत मोठे कंत्राटदार झालेला हा रत्नागिरीचा माणूस. दादरच्या चौपाटीवरची स्मशानभूमी आणि इथलं रत्नदुर्ग किल्ल्यावरचं भागेश्वर मंदिर त्यांच्याच पैशातून झालं. सावरकरांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, भागोजीशेठ सांगावे लागतात. १९२७ मध्ये गांधीजी रत्नागिरीत आले तेव्हा सावरकरांना येऊन भेटले होते, हे सांगितल्यावर बरेच जण माझ्याकडे संशयाने बघतात. खरं आहे.

आणि निघून गेलेले? पहिलं नाव टिळकांचं. २३ जुलै १८५६ ला टिळक आळीतल्या घरी जन्म, आणि वडिलांची पुण्याला बदली झाली तेव्हा, १८६६ मध्ये, दहा वर्षांचं हे पोर घाट चढून गेलं. जन्मस्थानात शिरताना पगडीतले लोकमान्य डोक्यात ठेवू नका. हे एका शाळामास्तराच्या मुलाचं घर आहे: कौलं, पडवी, आत गारवा. त्यांच्यामागून हजारो गेले, मांडवीच्या धक्क्यावरून आगबोटीने, गिरणीत नाहीतर गोदीत कामाला. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारीत. तोवर चाकरमान्याचा रस्ता पाण्यावरचा नाहीतर एसटीचा.

थांबण्यासारखं आहे ते हे.

एका सकाळी हे सगळं होतं का?

नाही. कोणी होतं म्हणाला तर तो तुम्हाला पळवणार आहे.

जुन्या शहराची फेरी सकाळची, साधारण तीन तास: टिळक आळी, विठ्ठल मंदिर, राम आळीतला बाजार, पतितपावन, आणि शेवटी उतरून मांडवी. राजवाड्याची फेरी दुपारी उशिरा सुरू होते आणि थिबा पॉइंटवर सूर्य मावळताना संपते. खाली काजळी नदी समुद्राला मिळते, पलीकडे भाट्याचा पूल आणि सुरूचं बन. किल्ला हा तिसरा, वेगळा दिवस. शहरापासून तीनेक किलोमीटर लांब आहे आणि तिथे घाई करणं पाप आहे.

दोन फेऱ्या एका दिवसात करता येतात, मध्ये जेवून झोप काढणार असाल तर. कोकणात दुपारी एक ते चार माणसं झोपतात. दुकानंही.

किती चालावं लागतं? आईचं वय बहात्तर, गुडघे दुखतात.

रत्नागिरी सपाट नाही, हे पुण्या-मुंबईच्या लोकांच्या लक्षातच येत नाही. शहर टेकाडांवर आणि त्यांच्या उतारांवर वसलंय. नकाशावर चारशे मीटर दिसतं आणि प्रत्यक्षात ती पाखाडी निघते, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची उतरती वाट. पावसात तिच्यावर शेवाळ धरतं.

जुन्या शहराच्या फेरीत अडीच-तीन किलोमीटर होतात. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, मी मार्ग उलटा करते: चढ रिक्षाने, उतार पायी. पण काहींना उतारच जड जातो, त्यामुळे नेमकं काय दुखतं तेही सांगा. लाजू नका. एकदा एका आजोबांनी घरच्यांपुढे "मला काही होत नाही" म्हणून सांगितलं, मीही विश्वास ठेवला, आणि मे महिन्यात साडेदहाला किल्ल्याच्या चढावर त्यांना घेरी आली. सावलीत बसवलं, पाणी दिलं, निभावलं. चूक माझी होती, त्या वेळेला तिथे न्यायलाच नको होतं. तेव्हापासून उन्हाळ्यातली सकाळची फेरी साडेसहाला निघते आणि साडेनऊला संपते. आठला सुरू करा म्हणून कितीही गळ घातलीत तरी मिळणार नाही.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे सरळ उत्तर. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, आणि चालायला हलकं वाटतं. मार्चपासून घाम. पारा फार चढत नाही, तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो, पण हवा इतकी ओली असते की घाम वाळतच नाही. नागपूरची माणसं पंचेचाळीस अंशांतून येतात आणि इथे हात टेकतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट. पाऊस ओसरलेला, गडग्यांवर नेचे आणि हिरवं मऊ शेवाळ, गर्दी नाही. पण अधूनमधून भिजायची तयारी हवी.

जून-जुलैत येणारेही असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं हे शहर, त्यातला मोठा वाटा या दोन महिन्यांचा. छत्री उपयोगाची नाही, वारा ती उलटी करतो. रेनकोट आणि पट्ट्याची रबरी चप्पल. त्या दिवसांत किल्ल्याच्या कड्याकडे आणि मांडवीच्या धक्क्याच्या टोकाला मी नेत नाही.

पाऊस धरला तर फेरी रद्द? पैसे?

रिमझिम म्हणजे पाऊस नव्हे. मुसळधार असेल तर तासभर पडवीत बसून वाट बघू, तोवर चहा होतो. प्रशासनाने इशारा दिला असेल तर मी आदल्या संध्याकाळीच कळवते आणि पैसे पूर्ण परत. तुम्ही आदल्या दिवसापर्यंत रद्द केलंत तरी परत. त्याच सकाळी झोपून राहिलात तर नाही.

दर किती? डोकी मोजून की फेरीमागे?

फेरीमागे. दोघं या नाहीतर सहा, रक्कम तीच. सहाच्या वर मी घेत नाही, कारण मग गल्लीत ओरडून बोलावं लागतं आणि लोक खिडक्यांतून बघतात. हंगामाप्रमाणे दर थोडा बदलतो म्हणून आकडा इथे लिहीत नाही. तारीख सांगितलीत की लेखी कळवते आणि नंतर त्यात एक रुपयाही वाढत नाही. राजवाड्यातल्या संग्रहालयाचं तिकीट, रिक्षा आणि खाणं तुमचं.

कोणताही गाईड ठरवताना, रत्नागिरीत असो नाहीतर आणखी कुठे, एक गोष्ट आधी विचारून घ्या: वाटेत दुकानात नेणार आहात का? फेरी स्वस्त असेल तर तिचे पैसे बहुधा काजूच्या नाहीतर आंबापोळीच्या दुकानातून वसूल होत असतात. मी दुकानांकडून काही घेत नाही. बक्षिसीची अपेक्षा नाही. पण मिरकरवाड्यात, म्हणजे मासळीच्या बंदरात, ज्या मावशी दहा मिनिटं थांबून मासे ओळखायला शिकवतात त्यांच्याकडून निदान पाव किलो कोळंबी तरी घ्या.

किल्ल्याच्या फेरीत काय असतं?

रत्नदुर्ग घोड्याच्या नालासारखा आहे, तिन्ही बाजूंनी समुद्र. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. बहामनी काळातला हा किल्ला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. बहुतेक लोक गाडीने वर येतात, देवीचं दर्शन घेतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत परत. आपण तटावरून चालतो. एका बाजूला खाली मिरकरवाडा बंदर दिसतं, होड्या एकीला एक लागून उभ्या, आणि एवढ्या उंचावरही वास येतो. दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी.

वरून किनाऱ्याचे दोन रंग दिसतात. मांडवीकडची वाळू काळसर, तर मिऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्याला लोक पांढरा समुद्र म्हणतात. एकाच गावात काळा आणि पांढरा समुद्र. लहान असताना मला वाटायचं, पाणीच वेगळं आहे.

उतरल्यावर मिरकरवाडा. लिलाव बघायचा असेल तर होड्या लागायची वेळ गाठावी लागते, ती मी आदल्या दिवशी विचारून ठेवते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा लिलाव नाही. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि माणसं जाळी विणत बसलेली. मला तेही बघायला आवडतं, पण ताजी सुरमई डोक्यात ठेवून येऊ नका.

समुद्रात उतरता येईल?

माझ्या फेरीत नाही. नंतर तुमचे तुम्ही भाट्याला जा, पण भरती-ओहोटी बघून. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सहा तास आधी-नंतर ओहोटी. अष्टमीला सहा. थोडा फरक पडतो, पण अंदाज येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप मागे जातं; अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी संथ. खाडीच्या तोंडाशी कधीच पोहू नका, ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. पावसाळ्यात तर पाय भिजवण्यापुरतंसुद्धा नको. दरवर्षी कोणी ना कोणी ऐकत नाही.

लहान मुलं कंटाळतील का?

जुन्या शहरात कंटाळतील, खोटं कशाला बोलू? दहा वर्षांखालची मुलं असतील तर झाडगावच्या मत्स्यालयापासून सुरुवात करू. तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. त्याच्याखाली उभं राहिलं की मुलांना आपण केवढे ते कळतं, मग पुढचे दोन तास ती ऐकतात. भरतीचा पाऊणपटीचा हिशोबही मुलांना फार आवडतो, पालकांना पाढे म्हणायला लावतात.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचेच. आमच्याच गावात गाईड कशाला?

हा प्रश्न फोनवर जरा तिखट सुरात येतो, आणि मला त्याचा राग येत नाही. खरं तर माझी आवडती मंडळी हीच. आजोबा परळला गेले, वडील तिथेच जन्मले, आता नातू गणपतीत चार दिवस वाडीवर येतो आणि शहर बघतो ते एसटी स्टँडपुरतं. अशा माणसांना मी इतिहास कमी सांगते आणि विचारते जास्त. तुमच्या आजीचं माहेर कुठलं? देवाचा मान कोणाकडे होता? एकदा मांडवीला धक्क्यावर एका गृहस्थांनी सांगितलं, "आमचे आजोबा इथून बोटीत बसले तेव्हा पणजीने त्यांच्या हातात भाजलेल्या काजूंची पुरचुंडी दिली होती." ही गोष्ट मी पुढे कोणाला सांगत नाही, त्यांची आहे. इथेसुद्धा अर्धीच लिहिली.

तुमच्याकडे जुने फोटो, पत्रं, खरेदीखतं असतील तर घेऊन या. पत्ता जुळला तर मार्ग तिकडून वळवू.

सावरकर, टिळक, गांधी म्हटलं की राजकारण आलं. तुम्ही कोणाच्या बाजूच्या?

फेरीत साल, जागा आणि घडलेली गोष्ट सांगते. मत विचारलंत तर चहाच्या वेळी सांगेन, तेही भांडायला बसणार नसाल तर. एका घरातल्या काका-पुतण्यांची पतितपावनच्या दारात अशी जुंपली की मी शेवटी दोघांना देवळात बसवून बाहेर आले. मंदिर सगळ्यांना खुलं करण्यासाठी बांधलेलं, तिथे दोघंच भांडत बसलेले.

तुरुंगात सावरकरांची कोठडी बघता येते?

तो आजही चालू असलेला तुरुंग आहे. आत जायला परवानगी लागते, ती तुमची तुम्ही आधी काढावी. मी बाहेरच थांबते.

फोटो काढायचे का?

वास्तूंचे काढा. माणसांचे विचारून. आळीतल्या घरात पडवीवर म्हातारी वाल सोलत बसली असेल तर ती नमुना नव्हे, कोणाची तरी आजी आहे, बहुधा माझ्या ओळखीची. आधी "काय आजी, बऱ्या आहात ना?" म्हणा. नव्वद टक्के वेळा ती स्वतःच पदर सारखा करून "काढ हो" म्हणते आणि मग तुम्ही कोण, कुठले, जेवलात का, हे सगळं विचारल्याशिवाय सोडत नाही. मिरकरवाड्यात ड्रोन वगैरे काढू नका.

खाणं फेरीत धरलेलं आहे का?

नाही, पण वाटेत खातो. सकाळी घावणे-चटणी नाहीतर आंबोळी, उन्हात कोकम सरबत. मासे दुपारी, फेरी संपल्यावर. ताजा बांगडा मिळत असताना लोक पापलेटच का मागतात ते मला कळलेलं नाही. शाकाहारी असाल तर मार्च-एप्रिलमध्ये या आणि ओल्या काजूगरांची उसळ शोधा. फणसाची भाजी हॉटेलात क्वचित मिळते, घरी मिळते. म्हणून कोकणात ओळखी काढाव्यात.

आंबे कुठून घ्यायचे?

मी बागायतदार नाही, पण खोका बघून फसू नका एवढं सांगते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. "रत्नागिरी हापूस" छापलेल्या पेटीतला सगळा माल त्यातलाच असतो असं नाही. वास देठाजवळ घ्या. पेटीतली सगळी फळं एकसारखी पिवळीधमक असतील तर सावध. गवतात घातलेला आंबा आपापल्या वेळेने पिकतो, एकाच पेटीत तीन रंग दिसतात. मे महिना चांगला. फेब्रुवारीतल्या पेट्या ज्यांना मिरवायचं असतं त्यांच्यासाठी.

कोणत्या दिवसांत फेऱ्या नसतात?

सोमवारी राजवाड्याचं संग्रहालय बंद असतं, म्हणून ती फेरी नाही, बाकीच्या होतात. गणपतीत नाही, घर भरलेलं असतं. आणि शिमग्यात अजिबात नाही. ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी बाहेर पडली की मी गाईड नसते. त्या दिवसांत आलात तर गर्दीत भेटू, पण काही विचारू नका, ढोलात ऐकू येणार नाही.

एकटीने येणाऱ्या बाईला घेता का?

घेते, आणि निम्म्याहून जास्त फेऱ्या हल्ली तशाच असतात. संध्याकाळची फेरी संपल्यावर मुक्कामापर्यंत सोडते.

भाषा?

मराठी, गरज पडली तर हिंदी. परदेशी पाहुणे असतील तर मोडकंतोडकं इंग्रजी जमवते, पण गोष्टी त्यात नीट उतरत नाहीत, तेव्हा बरोबर कोणी मराठी माणूस असलेला बरा. बाजारात मात्र वेगवेगळ्या बोली कानावर पडतील, खारवी मच्छीमारांची वेगळी, दालदी म्हणजे मुस्लिम मच्छीमारांची वेगळी, वाडीवरची संगमेश्वरी वेगळी. सगळं मलाही कळत नाही.

रेल्वेने येतोय. स्टेशनवर घ्यायला याल?

नाही. स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे, तिथून रिक्षा मिळते. बसण्याआधी भाडं ठरवा. पहाटेच्या गाडीने येऊन थेट फेरीला उभं राहू नका. आंघोळ करा, नाश्ता करा, दुपारची फेरी घ्या.

ठरवताना काय काय कळवायचं?

तारीख, माणसं किती, सगळ्यात लहान कोण आणि सगळ्यात वयस्क कोण, कोणाला काय दुखतं, मासे चालतात का, आणि मुक्काम कुठे. आजोबा-पणजोबा इथले असतील तर आडनाव आणि वाडीचं नाव. फोन सकाळी दहानंतर करा. उचलला नाही तर चढावर आहे असं समजा, उतरले की करते.